‘लाइफटाइम’ कुणाचा?

आमच्या प्रेसच्या लोखंडी कपाटात २००७ सालची एक पावती आहे. मराठी सॉफ्टवेअर एक, ते चालू व्हायला कॉम्प्युटरला खोचायचे लॉक एक, सीडी दोन. खाली डीलरने निळ्या बॉलपेनने लिहून दिले आहे, ‘लाइफटाइम अपग्रेड फ्री’. शिक्का आहे, सही आहे, तारीख आहे. दिवाळीच्या तोंडावर नवा कॉम्प्युटर घेतला, त्याला ते लॉक लावले, तर त्याचा दिवासुद्धा लागेना. कंपनीला फोन केला. पलीकडची मुलगी फार गोड बोलली. “सर, तो लाइफटाइम त्या व्हर्जनचा होता. त्या व्हर्जनचा लाइफटाइम संपलाय.” मग नवे व्हर्जन? “ते चार्जेबल आहे. जुन्या कस्टमरला डिस्काउंट आहे, पण आधी जुनं लॉक परत पाठवावं लागेल.” म्हणजे नवे येईपर्यंत जुन्या मशीनवरचे कामही बंद. आणि एखाद्याचे लॉक हरवले असेल तर? “मग ते जुने कस्टमर धरले जात नाहीत, सर.”

हे आमच्या एकट्याचे रडगाणे असते तर त्यासाठी संपादकीयाची जागा अडवली नसती. १४ ऑक्टोबर २०२५ पासून मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे अपडेट थांबवले. (याच विंडोजला २०१५ मध्ये कंपनीच्याच माणसाने जाहीर परिषदेत ‘शेवटचे विंडोज’ म्हटले होते. असो.) मशीन बदलण्याची घाई तेव्हापासून सुरू झाली आणि संगमनेर, श्रीरामपूर, शेवगाव, पाथर्डीहून सभासद प्रेसवाल्यांची पत्रे येऊ लागली. एकाचे लॉक प्रिंटर पोर्टचे आहे, नव्या मशीनला ते पोर्टच नाही. एकाचे यूएसबीचे आहे, पण ड्रायव्हर मिळत नाही. एकाला डीलर म्हणाला, “वार्षिक मेंटेनन्स भरा, मग अपग्रेड फ्री.” पैसे भरल्यावर जे मिळते त्याला आम्ही आजवर विकत घेणे म्हणत होतो.

पैशाचे दुःख एका मर्यादेपर्यंत असते. दोन लग्नपत्रिकांचे काम जास्त करू, भरून काढू. खरी गोम जुन्या फाइलींत आहे.

पतसंस्थेच्या अहवालाचेच काम घ्या. ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा, म्हणून ऑगस्टपासून आपल्याकडे सचिवांची रांग. आपण काय करतो? गेल्या वर्षीची पेजमेकरची फाइल उघडतो, ताळेबंदातले आकडे बदलतो, दिवंगत सभासदांची श्रद्धांजली नवी टाकतो, तिसऱ्या दिवशी प्रूफ तयार. ती फाइल ज्या फाँटात आहे तो युनिकोड नाही. त्या काळी प्रत्येक कंपनीने ‘क’ला आपापल्या मर्जीने घर दिले, त्यामुळे एकीची फाइल दुसरीच्या फाँटात उघडली की नुसते गिचमीड दिसते. लॉक मेले की वीस वर्षांचे अहवाल, देवस्थानांच्या पुस्तिका, शाळांच्या स्मरणिका, सगळे आपल्याच हार्ड डिस्कवर असून आपल्याला वाचता येत नाही. मजकूर गिऱ्हाइकाचा, जुळणी आपली, वीजबिल आपले, आणि तो उघडायचा की नाही हे ठरवणार तिसराच. अपग्रेडच्या नावाखाली आपण पैसे भरतो ते नव्या सोयींसाठी नव्हे, स्वतःचेच काम सोडवून आणण्यासाठी.

कन्व्हर्टर आहेत की, असे कुणी म्हणेल. त्याने जरूर एखादा अहवाल त्यातून काढून पाहावा. ‘कर्मचाऱ्यांचे पगार’ आत घातले तर बाहेर ‘कर्मचार्यांचे’ पगार येतात. काही ठिकाणी ऱ्य नीट येतो, पण दोन ठिकाणी दोन वेगळ्या कोडांनी, त्यामुळे ‘फाइंड’ दिले की एक सापडतो आणि दुसरा निसटतो. आणि आता तर जिल्ह्याचे नावच बदलले आहे. ऑक्टोबर २०२४ च्या अधिसूचनेनंतर लेटरहेड, पावतीपुस्तके, शिक्के यांचे काम मिळाले ते चांगलेच झाले. पण ‘अहिल्यानगर’मधला ल पाहा. शासनाने २००९ च्या निर्णयात पाकळीचा ल प्रमाण ठरवला. काही युनिकोड फाँटांत मजकुराची भाषा ‘मराठी’ निवडल्याशिवाय तो येतच नाही, हिंदी वळणाचा येतो. एका मुख्याध्यापकांनी आमचे लेटरहेडचे प्रूफ या एका अक्षरावर परत पाठवले. बरोबरच होते त्यांचे.

खिळे जुळवणाऱ्या पिढीला हा त्रास नव्हता. १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ याच अहिल्यानगर शहरातून निघू लागला, तेव्हापासून ऑफसेट येईपर्यंत टाइप वजनावर घ्यायचा, झिजला की धातूच्या भावाने मोडीत घालायचा, एवढाच व्यवहार होता. केसमधला ‘क’ निर्णयसागरच्या वळणाचा असो की आणखी कुठल्या फाउंड्रीचा, छापल्यावर तो ‘क’च वाचला जाई.

बाहेर काही वेगळे चालले आहे असेही नाही. ॲडोबी पूर्वी तीन व्हर्जन मागच्या गिऱ्हाइकालाही सवलतीत अपग्रेड देत असे. २०११ च्या नोव्हेंबरात तिने ठरवले की आता फक्त सीएस ५ वाल्यांनाच सवलत. जगभरातून बोंब झाली आणि दोन महिन्यांत कंपनीने पाऊल मागे घेतले. सीएस ३ आणि ४ वाल्यांनाही २०१२ अखेरपर्यंत मुदत मिळाली. ओरडा केला की मिळते, एवढे त्यातून घ्या. पुढची गोष्ट कडू आहे. २०१२ च्या सीएस ६ मध्ये इनडिझाइनला देवनागरी सरळ जुळवता येऊ लागली, आपण ज्याची वाट पाहत होतो ते आले. आणि मे २०१३ मध्ये कंपनीने जाहीर केले की यापुढची व्हर्जन कायमची विकत मिळणार नाहीत, भाडे भरत राहा.

आता आपल्याविषयी. कितीतरी प्रेसमध्ये लॉक तोडलेली कॉपी चालते, हे आम्हाला माहीत आहे, तुम्हालाही आहे. त्यांचे काहीच अडलेले नाही. ज्याने पावती घेतली, कर भरला, लॉक पाकिटात घालून तिजोरीत जपले, त्यालाच दंड. पण म्हणून चोरीची कॉपी वापरणाऱ्यांनी मिशीला पीळ देऊ नये. उद्या तक्रार करायची झाली तर कुठल्या तोंडाने करणार? आणि ज्यांच्याकडे खरी पावती आहे त्यांतल्या कित्येकांनी ती जपलेली नाही. ‘डीलर आपला माणूस आहे, बोललाय ना तो’ असे लिहिणारे सभासद पाहिले की कपाळावर हात मारावासा वाटतो. तो आपला माणूस डीलरशिप सोडून आता मोबाइलचे कव्हर विकतो.

पावती असेल तर मार्ग आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारासाठी घेतलेली वस्तू बसत नाही असे सांगून तुम्हाला वाटेला लावले जाईल. तिथे गप्प बसू नका. निव्वळ स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी वस्तू घेतली असेल तर तो माणूस ग्राहकच, असा खुलासा त्याच कलमात आहे. घरातल्या एका खोलीत डीटीपी करणारा त्यात बसतो. दहा नोकरांच्या ऑफसेटवाल्याने मात्र आधी वकिलाला विचारावे. तक्रार आपल्याच जिल्हा आयोगात करता येते, कंपनी कुठेही असो. पाच लाखांपर्यंत फी नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे, म्हणून ज्या दिवशी ‘चार्जेबल’ असे उत्तर मिळाले तो दिवस लिहून ठेवा आणि ते उत्तर फोनवर न घेता ईमेलने मागवा. आधी १९१५ वर फोन करून नोंद केलेली बरी.

आणि लॉक जिवंत आहे तोवर, या लगीनसराईच्या गर्दीतही, रोज एक जुनी फाइल युनिकोडमध्ये काढा. मूळ मजकुराची पीडीएफ शेजारी ठेवून ताडून पाहा. कन्व्हर्टरवर विसंबू नका. स्क्रायबस १.६ फुकट आहे, देवनागरी जुळवते. पेजमेकरची सवय झालेला हात आठ दिवस कुरकुरेल, कुरकुरू द्या.

ज्यांच्याकडे ‘फ्री अपग्रेड’ लिहिलेली पावती आहे त्यांनी तिची झेरॉक्स पुढच्या अंकाच्या आत आमच्याकडे पाठवावी. सगळ्यांच्या पावत्या एकत्र करून एकाच दिवशी तक्रारी दाखल करायचा विचार आहे. लॉकचा नंबर सुवाच्य अक्षरात लिहा. आतापर्यंत आलेल्या पत्रांपैकी तिघांचे नंबर आम्हाला भिंग लावूनही वाचता आलेले नाहीत, आणि तिघेही व्यवसायाने अक्षरजुळणी करतात.