सायकलच्या हवेवर चालणारे इंजिन

बल्लारशाच्या स्टेशनावर गाडी थांबताना 'फुस्स' आवाज होतो. मुले विचारतात आणि आपण "हवा सोडली रे" म्हणून मोकळे होतो. अहो, पण एवढी मोठी गाडी त्या हवेनेच रोखलेली असते! नळीतला दाब उतरला की प्रत्येक डब्याच्या टाकीत साठवलेली हवा सिलिंडरमधला दट्ट्या ढकलते आणि ब्रेक लागतो. दगडाला भोक पाडणाऱ्या जॅकहॅमरमध्येही असाच दट्ट्या असतो. आपले कितीतरी भाऊ ते यंत्र पाळीभर छातीशी धरतात, पण आतून ते कसे आहे हे त्यांना कोणी उघडून दाखवलेले नसते. म्हणून या सुट्टीत आम्ही वस्तीतल्या पोरापोरींना घेऊन बसलो आणि हवेचे एक छोटे इंजिन घरीच केले.

मधोमध तोटी असलेली ५ मिलीची सिरिंज हे सिलिंडर. ती औषधाच्या दुकानातून नवी कोरी घ्या. दवाखान्यामागच्या ढिगातली मुळीच नको, त्यापेक्षा इंजिन न झालेले बरे. दट्ट्याचा दांडा अर्ध्यात कापून त्याला स्पोकचा तुकडा बिजागरीसारखा जोडायचा. दुसरा स्पोक एक सेंटिमीटर वाकवला की झाली क्रँक. तिच्या टोकाला सायकलचे जुने फ्रीव्हील, मधले भोक लाकडी गुटक्याने बुजवून. हे वजन असल्याशिवाय चाक फेरा पुरा करत नाही.

खरी गंमत झडपेत आहे. तोटीवर बॉलपेनच्या नळकांड्याचा तुकडा चिकटवून त्यात पुढच्या हबमधला छर्रा सोडायचा. हवेच्या दाबाने छर्रा तोटीचे तोंड बंद ठेवतो. दट्ट्याच्या डोक्यावर टाचणी रोवलेली असते. दट्ट्या वर आला की टाचणी छर्रा किंचित उचलते, हवा आत घुसते आणि दट्ट्याला खाली ढकलते. तो तळाशी पोचतो तिथे सिलिंडरच्या भिंतीला दोन भोके असतात, त्यांतून वापरलेली हवा निघून जाते. ही भोके आम्ही गरम सुईने पाडली आणि आतली कड घासायला विसरलो. पहिल्याच फेरीत दट्ट्याचे रबर फाटले. चूक आमचीच. दुसऱ्या सिरिंजला कड घासली, ग्लिसरीनचा थेंबही सोडला.

हवा साठवायला सायकलचे चाक. ट्यूबला दुसरा वाल्व बसवून घ्यायचा, त्यातली रबरी वाल्वट्यूब काढायची आणि तिथून नळी इंजिनाला न्यायची. चालू-बंद करायला नळी दुमडून धरली तरी पुरे. हवा मात्र हातपंपानेच भरा, टायरवाल्याच्या कॉम्प्रेसरने नको. बाटलीत, डब्यात किंवा काचेच्या भांड्यात तर कधीच भरू नका. फुटले तर डोळा जाईल.

दट्ट्याचे तोंड साधारण सव्वा चौरस सेंटिमीटरचे. चौरस सेंटिमीटरला २ किलो दाब असला तर धक्का अडीच किलोचा. तिसऱ्या संध्याकाळी फ्रीव्हील टकटक करत फिरू लागले, तेव्हा पोरांनी घर डोक्यावर घेतले. एकाने लगेच विचारले, "मग पेट्रोल कशाला पाहिजे?"

प्रश्न चांगला होता. आम्ही त्याच्याच हाती पंप दिला. चाळीस दट्टे मारून तो घामाघूम झाला आणि इंजिन चालले जेमतेम अर्धा मिनिट. पंपाची नळी हाताला गरम लागत होती. त्याची मेहनत तिथे उष्णता होऊन गेली, काही गळतीत गेली, उरली तेवढीच चाकाला मिळाली. हवा ही नुसती साठवण आहे, फुकटची शक्ती नव्हे. फुकटात चालणारे हवेचे यंत्र कोणी विकायला आणले, तर पैसे देण्याआधी हे आठवा. पण साठवण म्हणून ती कामाची आहे. फ्रान्समधल्या नांत शहरात १८७९ पासून १९१७ पर्यंत दाबलेल्या हवेवर ट्राम धावत होत्या. त्यांची हवा आधी गरम पाण्यातून नेत, कारण पसरताना हवा फार थंड होते.

इंजिन फिरत असताना एका पोराचा बाप दुसऱ्या पाळीवरून आला. खाणीत ड्रिल चालवणारा माणूस. डबा खाली न ठेवताच तो वाकून आवाज ऐकत राहिला. मग म्हणाला, "इथून हवा चालली ना बापा." त्याने साबणाचे पाणी मागवले आणि पेनच्या नळकांड्याच्या जोडावर लावले. बुडबुडे आले. जोड पुन्हा चिकटवला आणि रात्री दहाला पंप मारायला तोच बसला.