अर्धवट डॉक्टर आणि पूर्ण पंडित

परवा घाटकोपरात एका विद्वान गृहस्थांनी असा सिद्धान्त मांडला की, युद्धाच्या निकडीने वैद्यकाचा अभ्यासक्रम आखूड केला की समाजाच्या पदरी अर्धवट डॉक्टर पडतात. दुसऱ्या महायुद्धातले लायसन्शिएट, म्हणजे पदवीऐवजी आखूड अभ्यासक्रमाचा परवाना घेतलेले डॉक्टर, हे त्याचेच फळ. आणि अर्धवट डॉक्टरापेक्षा डॉक्टर नसलेला बरा. टाळ्या पडल्या. टाळ्या देणाऱ्यांत त्या दिवशी कोणास ताप नसावा.

लायसन्शिएट हे युद्धाचे अपत्य नव्हेत. असा परवाना देणारे मुंबईचे कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्सच मुळी १९१२ सालचे. सरकारने आरोग्याच्या पाहणीसाठी नेमलेल्या भोर समितीच्या मोजदादीत सुमारे ४७,५०० नोंदणीकृत डॉक्टरांपैकी जवळजवळ ३०,००० लायसन्शिएट होते. १९४३ च्या एप्रिलात इंडियन आर्मी मेडिकल कोअर उभे राहून लष्कराला डॉक्टर हवे असताना, गृहस्थांच्या हुकुमाप्रमाणे या तीस हजारांस रजा दिली असती, तर ज्या मुलुंड-बोरिवलीस मुंबईच्या हद्दीत यायला १९५७ साल उजाडावे लागले, तेथल्या हिवतापाने कुडकुडणाऱ्या आणि परळच्या के.ई.एम.पर्यंत लोकलने जाण्याचे त्राण नसलेल्या माणसाने मिक्श्चरच्या बाटलीवर डोसाची कागदी पट्टी कोणाकडून लावून घ्यायची, याचा खुलासा व्याख्यानात नव्हता. पाटीवरच्या एल.सी.पी.एस. या लायसन्शिएटच्या अक्षरांस नाक मुरडण्याची खोड जुनीच. भाषेबाबतही तेच: मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात एकोणिसाव्या शतकात मराठीतून वैद्यकाचे वर्ग चालत, हे सांगितले की आजही हीच मंडळी शरीरशास्त्र मराठीत मावेल काय, म्हणून हसतात.

युद्धाच्या आघाडीवरचे वैद्यकाचे अध्यापनही या मंडळींना नाटकी वाटते. सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस, शेठ जी.एस. मेडिकल कॉलेजचे पदवीधर, १९३८ मध्ये चीनला गेले, चिनी शिकले, तिथल्या आघाडीवर काम केलेल्या डॉक्टर बेथूनच्या नावाच्या वैद्यकीय शाळेत त्याच भाषेत शिकवू लागले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी वारले. नाटक जरा लांबलेच म्हणायचे.

भोर समितीने १९४६ मध्ये प्राथमिक आरोग्य केंद्राची योजना दिली आणि तेथे बसण्यास राजी असा लायसन्शिएट मात्र बंद करावा म्हटले. काही सभासदांनी याविरुद्ध मत नोंदविले. मी त्यांच्या बाजूचा. युद्धात अभ्यासक्रम आखूड करावा, पण उमेदवारी अनुभवी डॉक्टराच्या हाताखाली व्हावी, आणि शांतता झाल्यावर सरकारने अशा डॉक्टराला पगारी रजा देऊन त्याचा उरलेला अभ्यास पुरा करून घ्यावा. त्या रजेच्या काळात त्याचा दवाखाना कोणी चालवावा, एवढे अजून सुचलेले नाही.