ढग पळवणारे विमान

मुंबईपासून बेंगळुरूपर्यंत नकाशावर पट्टी ठेवून रेघ ओढली, तर ती जवळजवळ सातारा आणि सांगली या दोन शहरांवरूनच जाते. तेव्हा आपल्या आभाळात पांढरे पट्टे उमटायला कुणाच्या कटाची गरज नाही. विमानाच्या इंजिनातून निघालेली वाफ दहा-अकरा किलोमीटर उंचीवर गोठते. वरची हवा कोरडी असली की पट्टा लगेच विरतो, दमट असली की पसरत राहतो. म्हणजे ‘बघा, औषध मारून गेलं आणि पाऊस गेला’ म्हणून ज्या लांबलचक पट्ट्याचा फोटो मोबाइलवर फिरतो, तो वर ओलावा असल्याची खूण आहे! तासगावच्या द्राक्षबागायतदाराने तरी विमान औषध मारून पाऊस पळवते हे मानू नये. वारा सुटला की आपल्या फवाऱ्यातले औषधसुद्धा शेजाऱ्याच्या बागेत जाते, मग इतक्या उंचावरून मारलेले नेमके कुठे पडणार, हे त्याच्याइतके कुणाला ठाऊक असणार?

आमच्याकडे हा संशय नवा नाही. वीसेक वर्षांपूर्वी ओळीने दुष्काळ पडले तेव्हा चाळकेवाडीच्या आणि ढालगावच्या पवनचक्क्या ढग पळवतात, असे गावोगाव बोलले जात होते. सह्याद्रीच्या आड असलेल्या माण, आटपाडी, जतला पाऊस पवनचक्क्यांच्या आधीपासूनच हुलकावणी देत आला आहे, हे सांगणाऱ्याला कंपनीचा माणूस ठरवले जाई. आता पात्यांच्या जागी विमान आले आणि सोबत ‘गुप्त सरकारी कागद’ आला. त्यातला सर्वांत लाडका कागद अमेरिकी हवाई दलाच्या अकादमीचा, 1990च्या सुमाराचा, नाव ‘केमट्रेल्स’, म्हणजे रसायनांचे माग. पहिल्या वर्षाच्या मुलांची ती रसायनशास्त्राच्या प्रयोगांची वही आहे. पण मुखपृष्ठ उलटतो कोण?

गंमत अशी की ढगांत विमाने घालणारे सरकार खरोखरच आहे आणि त्याने ते कधी लपवलेलेही नाही. 2003 साली राज्याने कृत्रिम पावसासाठी बारामतीहून विमाने उडवली. 2018 आणि 2019च्या पावसाळ्यात पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने शेजारच्या सोलापुरात कॅल्शियम क्लोराइडच्या, म्हणजे एका क्षाराच्या, नळकांड्या पेटवून ढगांत बीजपेरणी केली. 2019च्या ऑगस्टमध्ये तर सांगलीत कृष्णा आयर्विन पुलाजवळ 57 फुटांवर गेली होती आणि त्याच महिन्यात मराठवाड्यात पाऊस पाडायला विमान चढत होते. इतका भाबडा कट रचणाऱ्याला कुणी कामावर तरी ठेवील का?

सोलापूरच्या प्रयोगाचा निष्कर्ष 2023मध्ये उघडपणे छापून आला: ढग योग्य असतील तर पाऊस सुमारे 18 टक्क्यांनी वाढतो, पाण्याचा खर्च लिटरला 18 पैसे. ढगच नसतील तर काही नाही. या कागदावर मात्र पारावर चर्चा झाल्याचे ऐकिवात नाही. वास्तविक विचारण्यासारखे त्यातच आहे. दहा हजार लिटरचा टँकर त्या दराने अठराशे रुपयांना पडतो, आणि तोही ढग येतील तेव्हा, पडेल त्या शिवारात. जतच्या सरपंचाने हा हिशेब घेऊन जिल्हाधिकाऱ्यांकडे जावे आणि म्हैसाळ उपसा सिंचन योजनेच्या पाण्याचा दर त्याच्या शेजारी मांडून दाखवायला सांगावे. पट्ट्यांच्या फोटोवर साहेबांना हसता येते. हिशेबावर हसणे जरा अवघड जाईल.