'आनंदी राहा' म्हणणं सोपं असतं



सुनेला सातवा महिना लागलाय. येणारी प्रत्येक जण सांगते, "आनंदी राहा, बाळावर संस्कार होतात." आणि लगेच, "मुलगाच होणार बघ!" मीही त्यातलीच. मग ती आनंदी राहणार कशी?

ताणात कॉर्टिसॉल वाढतं. वार त्यातलं बरंचसं अडवते, सगळं नाही. ताण महिनोन् महिने राहिला तर वेळेआधी प्रसूतीचा, बाळाचं वजन कमी भरण्याचा धोका वाढतो.

कल्पसूत्रात आहे, आईला त्रास नको म्हणून वर्धमान गर्भात निश्चल राहिले. त्रिशलामाता व्याकूळ झाल्या, तसे ते हलले. गर्भातल्या जीवाला आईचं दुःख कळलं, आपल्याला का कळू नये? मी उपदेश थांबवला आणि सकाळचा स्वयंपाक हाती घेतला. गर्भसंस्कार घरानेही करायचे असतात.