दोन इंच की तीन?

न्यूझीलंडमध्ये १९९६ पासून घरी स्वतःपुरती दारू गाळणं कायदेशीर आहे. (आपल्याकडे केलंत तर एक्साइजवाले दारात, तेव्हा मनसुबे रचू नका!) परवा ऑकलंडहून मित्राचा फोन. "रिफ्लक्सचा कॉलम तीन इंची घेतो. माल जास्त शुद्ध निघेल ना?"

नाही रे बाबा! व्यास म्हणजे बँडविड्थ. तासाला किती माल निघू शकेल, तेवढंच तो ठरवतो. शुद्धता येते ती कॉलमच्या उंचीतून, आत भरलेल्या तांब्याच्या जाळीतून, आणि वर थंड झालेल्या द्रवातला किती परत खाली सोडता त्यातून. तीन इंचीचं क्षेत्रफळ दोन इंचीच्या सव्वादोन पट. त्याचा फायदा उठवायचा तर हीटरही तसाच दांडगा हवा. आणि तिथल्या घरातलं साधं सॉकेट १० अँपिअरचं, म्हणजे जेमतेम २.३ किलोवॅट! एवढ्याला दोन इंची पुरतो. उलट बारीक नळीखाली राक्षसी हीटर लावलात, तर चढणारी वाफ उतरणाऱ्या द्रवाला अडवते आणि कॉलम तुंबतो.

म्हटलं, आधी सॉकेट बघ, मग नळी. वाचलेल्या पैशात उंची वाढव.

साहेबांनी तीन इंचीच मागवलाय. असो.