घरची भाषा बंद करू नका

आमच्या सीमाभागात मूल दोन-तीन भाषांत वाढते, याचे कोणालाच नवल वाटत नाही. घरी मराठी, बाजारात कानडी, शेजारी उर्दू. परंतु तेच मूल तीन वर्षांचे होऊनही बोलेना, हाक मारली तरी वळून पाहीना, की सल्ले सुरू होतात. "भाषांचा गोंधळ झालाय, घरात एकच भाषा बोला." ही एकच भाषा म्हणजे बहुधा शाळेची. मराठी घरात कानडी किंवा इंग्रजी, कानडी घरात इंग्रजी. हा सल्ला चुकीचा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

दोन भाषांमुळे स्वमग्नता येत नाही. दोन भाषा ऐकणारी स्वमग्न मुले एकच भाषा ऐकणाऱ्या स्वमग्न मुलांपेक्षा बोलण्यात मागे राहतात, असे अभ्यासांत दिसलेले नाही. नुकसान होते ते सल्ला पाळल्यामुळे. निपाणीत विड्या वळत बसलेल्या आजीला कानडी बोलता येत नसेल, तर ती नातवाशी बोलणेच कमी करते. ज्याला बोलणे जास्त ऐकायला हवे, त्याच्याच वाट्याला ते कमी येते.

('स्वमग्न' हा शब्दही मला फारसा पटत नाही. मूल स्वतःतच बुडालेले आहे, असे त्यातून वाटते. पुष्कळदा ते सारे ऐकत असते, फक्त उत्तर उशिरा देते.)

२०१६ च्या कायद्याने २१ प्रकारच्या अपंगत्वांत स्वमग्नतेचा समावेश केला. मोफत शिक्षणाचा हक्क मात्र ६ ते १८ वर्षांसाठी. त्याआधीची मोलाची वर्षे अंगणवाडीच्या ताईंवर सोडलेली. अशा बालकांसाठी केंद्र सरकारने २०२३ साली अंगणवाड्यांना कार्यपद्धती ठरवून दिली, हे चांगलेच झाले. पण आहार, वजने, रजिस्टरे सांभाळून ती एकटी बाई काय काय करणार? ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत काम सुरू केले, तेव्हा मुले बालवाडीत येईनात म्हणून बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. मुलाने शाळेसारखे व्हावे, हा हट्ट त्यांनी धरला नाही.

आपल्याला करता येण्याजोगे एक काम आहे. चित्रांचे पत्ते. दिवसात काय कशानंतर होणार, ते भिंतीवर ओळीने लावायचे. पुढे काय ते कळले की मूल कमी बिथरते. शिवाय हातात देण्याचे पत्ते : पाणी-नीरु, जेवण-ऊट, पुरे-साकु. चित्र एकच, खाली दोन्ही लिप्या. सर्वांत आधी 'नको', म्हणजे 'बेड'चा पत्ता करावा. ज्याला नको म्हणता येत नाही ते मूल चावते, किंचाळते, आणि आपण त्याला हट्टी ठरवतो.

आपल्या कॉलेजात मराठी व कानडी असे दोन्ही विभाग आहेत. एन. एस. एस. च्या शिबिरात दोन दुपारी यासाठी काढल्या, तर एका अंगणवाडीपुरता संच सहज होईल. पुठ्ठा मी आणतो. चित्रकलेत हात बरा असलेले दोघे-तिघे हवेत, आणि कानडी अक्षर वळणदार असलेला एक तरी.