चेननं तुमचं काय घोडं मारलंय?

"चेन काढ आणि पट्टा बसव. तेल नको, गंज नको, पँटीच्या पायाला काळं लागायला नको." सायकलवाल्यांच्या गप्पांत हा सल्ला हल्ली इतक्या सहज फेकला जातो, की जणू घड्याळाचा पट्टा बदलायचाय. दोन पिना काढल्या, नवा अडकवला, झालं! मला या सल्ल्याचा मनापासून राग येतो. का येतो ते एकदाच काय ते लिहून टाकतो, म्हणजे दर रविवारी तोंडाची वाफ दवडायला नको.

आधीच स्पष्ट करतो, नाहीतर पट्टेवाले (सरकारी ऑफिसातले नव्हे, सायकलचे) अंगावर यायचे. पट्टा ही वस्तू वाईट नाही. उलट फार हुशारीनं बनवलेली आहे. गेट्स कंपनीचा कार्बन ड्राइव्ह घ्या. पॉलीयुरेथेनचा दातेरी पट्टा, आत कार्बनच्या दोऱ्या. आवाज नाही, गंज नाही, आणि नीट बसवला असेल तर चेनच्या कितीतरी पट चालतो. कल्पनाही नवी नाही. हार्ले-डेव्हिडसननं १९८० साली स्टर्जिस मॉडेलला चेनऐवजी पट्टा लावला होता आणि जपानात ब्रिजस्टोननं १९८०च्या दशकातच पट्ट्याच्या सायकली विकल्या. फॅक्टरीतूनच पट्ट्यासाठी डिझाइन होऊन आलेली सायकल कोणाला परवडत असेल तर त्यानं जरूर घ्यावी. माझं भांडण पट्ट्याशी नाही, "कन्व्हर्ट" या शब्दाशी आहे.

का ते बघू. चेनला लॉक असतं. ते काढलं की चेन उघडते, फ्रेममधून ओवायची आणि परत जोडायची. पट्टा म्हणजे अखंड वेटोळं. त्याला सुरुवात नाही, शेवट नाही. आता तुमच्या सायकलचा मागचा त्रिकोण बघा. सीटखालून मागच्या चाकाकडे जाणारी नळी आणि पेडलकडून येणारी नळी एकमेकींना वेल्ड केलेल्या आहेत. अखंड वेटोळं त्या बंद त्रिकोणात जाणार कसं? बहुतेक सायकलींवर उत्तर एकच, नळी कापायची. होय, चांगली धडधाकट फ्रेम करवतीनं कापायची आणि तिथं उघडता येईल असा जोड बसवायचा.

पोलादी फ्रेम असेल आणि काम करणारा खरोखर फ्रेम बांधणारा कारागीर असेल, तर हे जमतं. पण आपल्याकडे असे कारागीर किती, आणि ग्रिलच्या दुकानातले वेल्डर किती? ॲल्युमिनियमची फ्रेम असेल तर विषयच संपला. वेल्डिंगच्या उष्णतेनं आजूबाजूचा धातू मऊ पडतो आणि परत हीट ट्रीटमेंट दिल्याशिवाय त्याची ताकद येत नाही. कार्बनच्या फ्रेमला करवत लावणाऱ्याशी तर मी वादच घालत नाही. आणि हे सगळं कशासाठी? पँटीला डाग पडू नये म्हणून!

बरं, कापली समजा. पुढं काय? पट्ट्याला दोन गोष्टी काटेकोर लागतात, ताण आणि रेघ. ताण मोजायची पद्धत मोठी गमतीची आहे. पट्टा सतारीच्या तारेसारखा छेडायचा आणि मोबाइलवरच्या ॲपनं त्याची कंपनसंख्या मोजायची. ऐकायला मस्त वाटतं, पण त्याचा अर्थ असा की मागचं चाक अगदी थोडं थोडं पुढेमागे सरकवून पक्कं करायची सोय फ्रेममध्ये हवी, आणि जोर लावल्यावर मागचा त्रिकोण वाकता कामा नये. ताण कमी पडला तर चढावर उभं राहून पेडल मारताना पट्टा दात सोडून उडी मारतो. तुमचा गुडघा हँडलवर आपटतो, तेव्हा "शून्य मेंटेनन्स" वगैरे शब्द आठवत नाहीत.

रेघेचंही तसंच. पुढचं आणि मागचं दातेचक्र एका सरळ रेषेत हवं. चेन बिचारी आडवी थोडी वाकते आणि सांभाळून घेते. गिअरच्या सायकलवर ती जन्मभर तिरकीच पळत असते. पट्टा सांभाळून घेत नाही. त्याला एका बाजूला सरकायची खोड असते, म्हणून तर गेट्सला नंतर पट्ट्याच्या मधोमध खाच आणि चक्राला त्यात बसणारी कड द्यावी लागली.

चेन तिरकी पळू शकते म्हणून डिरेलर चालतो. पट्ट्यावर चालत नाही. म्हणजे कन्व्हर्ट करायचं तर गिअर सोडायचे, नाहीतर हबच्या आत गिअर असलेलं नवं मागचं चाक घ्यायचं. शिमानोचा नेक्सस झाला, स्टर्मी-आर्चर झाला, किंवा खिसा फारच गरम असेल तर चौदा गिअरचा रोहलॉफ, ज्याच्या किमतीत जुनी मोटारसायकल येईल. थोडक्यात, नवं चाक, नवी दोन दातेचक्रं, कापलेली फ्रेम आणि एक पट्टा. आमच्या धंद्यात याला कन्व्हर्जन म्हणत नाहीत. याला संपूर्ण रीराइट म्हणतात, आणि त्याचा शेवट काय होतो ते आम्ही लोक चांगलं जाणून आहोत.

"अहो, पण आता जोडपट्टा मिळतो की!" मिळतो. अमेरिकेतल्या व्हीर कंपनीचा पट्टा उघडा येतो आणि रिव्हेट मारून जोडता येतो, फ्रेम कापावी लागत नाही. या एका आक्षेपाला हे खरं उत्तर आहे. पण फक्त याच एका. ताण, रेघ आणि गिअर, तिन्ही प्रश्न जागच्या जागीच राहतात. आपल्या पिठाच्या गिरणीवाल्यालाही पट्टा जोडायची कला केव्हापासून येते. तरी तो त्याच्या सायकलला चेनच ठेवून होता, याचा विचार करा.

आता कार्यक्षमता. पट्टा नवा, म्हणजे चेनपेक्षा पळणार जास्त, असं लोक धरूनच चालतात. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जेम्स स्पायसर यांनी १९९९ साली चेनची मोजमापं केली, तेव्हा ती ९८.६ टक्क्यांपर्यंत कार्यक्षम निघाली. उरलेल्या दीड टक्क्यात नवं तंत्रज्ञान सुधारून सुधारून काय सुधारणार? शिवाय पट्टा तुम्ही जोर लावा न लावा, कायम ताणलेला असतो आणि तो ताण बेअरिंगवर पडतच राहतो. म्हणजे ऑफिसला निवांत जाणाऱ्याला चेन काही तोट्याची नाही, झाली तर किंचित फायद्याचीच.

पण माझा खरा मुद्दा अजून यायचाय. हान्स रेनॉल्ड यांनी मँचेस्टरमध्ये १८८० साली बुश-रोलर चेनचं पेटंट घेतलं. सायकलवर पुढं अर्धा इंच पिच रूढ झाली आणि आजतागायत टिकली. चेनची रुंदी बदलली, गिअर वाढले, पण पिच तीच. १९७०च्या दशकात खुद्द शिमानोनं १० मिलिमीटर पिचची चेन आणून पाहिली. ती गेली, अर्धा इंच राहिला. आज कुठल्याही तालुक्याच्या गावात एका गिअरच्या सायकलची चेन मिळते. लांब झाली तर कडी काढता येते, तुटली तर चौकातला मेकॅनिक हातोडी आणि पिनेवर जोडून देतो. हा इंटरफेस कोणाच्या मालकीचा नाही.

पट्ट्याचं काय? गेट्सची पिच ११ मिलिमीटर. लांबी ठरावीक दातांचीच, ११८ दात म्हणजे १२९८ मिलिमीटर, एक दात कमी करून द्या म्हणायची सोय नाही. सुरुवातीचा बिनखाचेचा पट्टा नंतरच्या कडवाल्या चक्रावर बसत नाही, म्हणजे एकाच कंपनीच्या दोन पिढ्यांत बॅकवर्ड कंपॅटिबिलिटी नाही. त्यात त्या कार्बनच्या दोऱ्या ताणाला वाघ, पण पट्ट्याची घडी पडली, तो पिळला किंवा स्क्रूड्रायव्हरनं उचकटला, की आतल्या आत तुटतात. वरून काही दिसत नाही. पट्टा जातो तो एक दिवस अचानक, आणि त्या दिवशी तुम्ही दिवेघाटात असाल तर चौकातला मेकॅनिक तुमच्याकडे फक्त सहानुभूतीनं बघू शकतो. दुरुस्तीचं काम त्याच्या हातातून काढून कुरियरवाल्याच्या हातात दिलं, एवढीच काय ती प्रगती.

मग चेन मळते त्याचं काय? मंडळी, हा प्रश्न आपल्या दूधवाल्याच्या काळ्या सायकलनं कधीच सोडवलाय. पूर्ण बंद चेनकव्हर! डच लोक अजून तेच वापरतात. आपण स्पोर्टी दिसावं म्हणून कव्हर काढलं, मडगार्ड काढलं, आणि आता चेन मळते म्हणून चेनच काढायला निघालोय. डिरेलरवर बंद कव्हर बसत नाही, हे मान्य. पण पट्ट्यासाठी तुम्ही डिरेलर सोडणारच होतात ना? मग तोच हबगिअर घ्या, चेन तीच ठेवा आणि वर कव्हर लावा. पँट स्वच्छ, फ्रेम शाबूत.

आणि डिरेलर ठेवायचा असेल तर पंधरा दिवसांतून पंधरा मिनिटं द्या. चेन कोरड्या फडक्यानं पुसा, प्रत्येक रोलरवर पातळ तेलाचा एकच थेंब, थोडं थांबून वरचं तेल पुन्हा पुसून काढा. तेल आत हवं. बाहेर राहिलेलं तेल फक्त धूळ गोळा करतं, आणि तेच तुमच्या पँटीला लागतं. चेन किती झिजली ते बघायला ॲपही नको. पिच अर्धा इंच, म्हणजे एका पिनेपासून चोविसावी पिन बरोबर बारा इंचांवर यायला हवी. ती एक-षोडशांश इंच पुढं गेली की चेन बदला, फ्रीव्हील वाचेल.

असो. सायकल तुमची, पैसे तुमचे. फक्त करवत हातात घेण्याआधी एकदा फूटपट्टी हातात घ्या.